आतड्याच्या सुजेतली पोटदुखी: सप्लिमेंटचा खरोखर उपयोग झालाय का कुणाला?

सावईची_सून
नमस्कार मंडळी. नवऱ्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, काही वर्षं झाली. मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज कमी करणारं औषध, रोज चालू आहे. रक्त पडायचं थांबलंय, जुलाबही आटोक्यात आहेत, पण पोटदुखी पाठ सोडत नाही. डावीकडे खाली कळ येते, जेवल्यावर पोट फुगतं, संध्याकाळी कामावरून आले की आधी पट्टा सैल करतात. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

मधल्या काळात घरात बाटल्यांची रांग लागलीय. चुलत दिरांनी दुबईहून फिश ऑइल पाठवलं. वन्संनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या, त्यात मिऱ्याचा अर्कही आहे. मामंजींनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोरफडीचा रस आणला. शेजारच्या वहिनींनी नेटवर्क मार्केटिंगमधली एक 'आतडे शुद्धी' पावडर दिली, ती ते रोज दुपारी जेवणानंतर घेतात. सगळे मायेपोटी देतात, कुणाचं मन मोडवत नाही. पण एकाच माणसाने हे सगळं एकदम घ्यायचं का?

माझा प्रश्न एवढाच: दुखणं कमी व्हायला यातलं काय कामाला येतं? ज्यांनी स्वतः घेतलंय किंवा घरात कुणाला दिलंय त्यांनी सांगा. मेसालामाइन बंद करायचा विचार नाही, हे आधीच सांगते.

कुळागर
हळद. डोळे मिटून. आमच्या कुळागरातली हळद, पान पातोळ्यांना आणि कंद दुखण्याला. बायकोला याच आजारात रात्री हळद घातलेलं दूध देतो, तिला आराम पडतो.

उंडो_पाव
कुळागर, पातोळ्या कधी पाठवताय ते आधी सांगा, मग हळदीवर विश्वास ठेवतो :)

सावईची_सून ताई, गंमत सोडा. काळजी घ्या त्यांची.

आकडेमोड
@कुळागर, वहिनींना बरं वाटतं याचा आनंद आहे, पण दूध-हळद आणि कॅप्सूल यांची गल्लत नको. ज्या अभ्यासांचा दाखला सगळे देतात ते कर्क्युमिनचे, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाचे आहेत. २००६ मध्ये जपानात झालेल्या अभ्यासात कोलायटिस शांत असलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन किंवा खोटी गोळी सहा महिने दिली. कर्क्युमिनवाल्यांत आजार उलटला तो ४३ पैकी दोघांचा, खोट्या गोळीवाल्यांत ३९ पैकी आठ जणांचा. २०१५ मध्ये सौम्य ते मध्यम आजार जागा असलेल्या रुग्णांना मेसालामाइनसोबत रोज ३ ग्रॅम दिले, तिथेही चांगला फरक दिसला. पण दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा काहीच फरक पडला नाही.

आता हिशेब बघा. आपल्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. २ ग्रॅमला ६५-७० ग्रॅम हळद लागेल, तीही रोज. दुधातून ते होणे नाही.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या अभ्यासांनी मुख्यतः मोजलं ते आजार शांत झाला का, उलटला का. फक्त पोटदुखी मोजून 'या सप्लिमेंटने दुखणं गेलं' असं ठामपणे सांगणारे अभ्यास फार थोडे आहेत. म्हणून 'दुखण्यावर अमुक घ्या' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी आधी विचारतो, मोजलं काय होतं?

कुळागर
मान्य, पण ती दूध पिऊन शांत झोपते हेही खरं आहे ना? ते मोजायला यंत्र नको.

आकडेमोड
खरं आहे. दूध पचत असेल तर चालू ठेवा, माझा काही विरोध नाही.

आहार_बांबोळी
मी आहारतज्ज्ञ आहे आणि या आजाराची माणसं नेहमी बघते. ताई, बाटली कुठली ते ठरवायच्या आधी दुखतंय कशाने ते ठरवावं लागतं. पोट तेच, आजार तोच, पण दुखायची कारणं निरनिराळी असतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्यात मारक ठरतो.

सूज जागी असेल तर कळ येते, शौचाला पळावं लागतं, जाऊन आल्यावर बरं वाटतं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिथे औषधाचा डोस बघायला हवा, सप्लिमेंटच्या मागे लागून वेळ जातो.

सूज शांत असली तरी आतड्याच्या नसा हळव्या राहू शकतात. आजार शांत असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना इरिटेबल बॉवेलसारखा त्रास होत राहतो: पोट फुगणं, गॅस, जेवल्यावर कळ. 'जेवल्यावर फुगतं, संध्याकाळी पट्टा सैल करतात' हे वाचून मला आधी हेच आठवलं.

आणखी एक कारण असतं, ते फारसं कुणी बोलत नाही. कोलायटिस फक्त डावीकडे, खालच्या टोकाला असला तर वरच्या, उजवीकडच्या आतड्यात मळ साचून राहतो. माणूस म्हणतो मला तर जुलाबाचा आजार, आणि आत बद्धकोष्ठ झालेलं असतं. त्याने पोट जड होतं, दुखतं, आणि घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात.

हे वेगळं करायला विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्यात सूज असली की वाढणाऱ्या प्रथिनाची चाचणी आहे. ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर असेल तर बहुधा जागी आहे. मधलं असेल तर थोड्या अवधीने पुन्हा बघतात. तारीख पुढच्या महिन्यात असली तरी फोन करून ही चाचणी आधी करून घेऊ का असं विचारा, म्हणजे त्या दिवशी रिपोर्ट हातात असेल.

एक मात्र लिहून ठेवा. पोट ताठ होऊन फुगलं, उलट्या, ताप, वारा सरत नाही, रक्त पुन्हा पडू लागलं, रात्री दुखण्याने जाग येते, असं काहीही झालं तर तारखेची वाट बघू नका. थेट इस्पितळ गाठा. अशा वेळी पेटके थांबवायच्या किंवा जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःहून मुळीच नकोत.

तेरेखोल
बांबोळी ताईंना +१००.

माझा क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या सुजेचाच दुसरा प्रकार आहे, कोलायटिस नव्हे, पण पोटदुखीचं म्हणाल तर जुना जाणकार आहे मी. माझ्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात वाट अरुंद झालेली आहे. कुणीतरी प्रेमाने इसबगोल सुचवलं. कोलायटिस शांत असेल तर इसबगोलाचा उपयोग होतो. स्पेनमधल्या १९९९ च्या अभ्यासात आजार शांत ठेवण्यात ते मेसालामाइनच्या जवळपास बरोबरीने टिकलं होतं. पण माझ्यासारख्याच्या अरुंद जागेत तो फुगलेला गोळा अडकला तर सरळ ऑपरेशन टेबल. माझ्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. क्रोन्सवाल्यांनी स्कॅनचा रिपोर्ट बघितल्याशिवाय इसबगोल, अळशी, कोंड्याची पोई (गोव्याचा पाव) यातलं काही 'पोट साफ व्हावं' म्हणून सुरू करू नये.

दुसरं, दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही मंडळी आजार पुन्हा पेटवू शकतात. कंबर दुखली तरी मी पॅरासिटामॉलवर भागवतो.

तिसरं, लोहाच्या गोळ्या. रक्त कमी म्हणून चालू केल्या की अनेकांचं पोट त्यांनीच दुखतं, वर शौचाला काळं होतं आणि घरचे रक्त समजून घाबरतात. मला शेवटी शिरेतून लोह दिलं, पोटाला त्रास नाही.

मडगावचा_केमिस्ट
सावईची_सून ताई, एक काम करा. त्या शुद्धी पावडरीच्या डब्यामागचं घटकांचं बारीक लेबल इथे टाइप करा. पूर्ण. कंपनीचं नाव नको.

वैद्य_सांखळी
नमस्कार. मी आयुर्वेदाचा वैद्य. इथे हळद, कोरफड यांची नावं निघाली म्हणून लिहितो.

कुटज, बेलफळाचा गर, मुस्ता, ताज्या ताकाचा वापर हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अतिसार-ग्रहणीच्या रुग्णांना दिलं जातं आणि मी देतो. शल्लकी म्हणजे सलईचा डिंक, यावर जम्मूत कोलायटिसच्या रुग्णांवर अभ्यास झालेले आहेत, ३५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. त्यात चांगला गुण दिसला. माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही मी चालू औषध सोडायला सांगत नाही. आधी कोलोनोस्कोपीचा कागद मागतो, मग नाडी बघतो.

कोरफडीबद्दल मात्र सावध. पानाच्या आतला स्वच्छ गर वेगळा आणि सालीलगतचा पिवळा चीक वेगळा. तो चीक जोरदार रेचक आहे. बाजारात बाटलीत भरून मिळणाऱ्या रसात चीक किती उतरलाय हे बघून कळत नाही. पेटके येणाऱ्या पोटात तो घालू नका.

आकडेमोड
वैद्यबुवा, तुमची शिस्त आवडली. थोडी भर घालतो. शल्लकीचे जम्मूचे अभ्यास लहान होते. पुढे जर्मनीत क्रोन्स शांत ठेवण्यासाठी शल्लकी देऊन पाहिली, २०११ मध्ये निकाल आला, खोट्या गोळीपेक्षा फरक नव्हता. कोरफडीच्या गराचा लंडनमधला २००४ चा अभ्यासही ४४ रुग्णांचा, रोज दोनदा १०० मिलिलिटर, चार आठवडे. थोडा फायदा दिसला, पण एवढ्याशा आकड्यावर बाजारच्या बाटलीचं समर्थन होत नाही.

फिश ऑइलचं उत्तर तर सरळ आहे. २००८ मध्ये दोन मोठे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले, क्रोन्सचे मिळून सातशेहून जास्त रुग्ण, रोज ४ ग्रॅम ओमेगा-३. आजार उलटायचं प्रमाण कमी झालं नाही.

उंडो_पाव
म्हणजे दुबईच्या बाटलीपेक्षा बेतूलचे तारले मासे बरे!

तेरेखोल
तारले कधीही बरे. हुमणात तिरफळ घाला, तिखट बेताचं ठेवा. आजार शांत असताना मी आठवड्यातून चार वेळा नुस्तें खातो. नुस्तें सोडलं असतं तर वजन कुठे गेलं असतं देव जाणे.

मांडवीकाठ
मी इथे बहुतेक फक्त वाचते. आज लिहिते, कारण 'शुद्धी पावडर' हे शब्द वाचून हात थांबले नाहीत.

माझ्या धाकट्या भावाला कोलायटिस. अशीच एक पावडर विकणाऱ्या माणसाने घरी येऊन सांगितलं की ही चालू करा आणि इंग्रजी औषधं हळूहळू सोडा, ती किडनी खातात. भाऊ तरुण, रोज इतक्या गोळ्या गिळायला कंटाळलेला. त्याने आम्हाला न सांगता औषधं सोडली. सुरुवातीला त्याला बरंही वाटलं. मग जो आजार उसळला त्यात रक्ताच्या बाटल्या लागल्या, स्टेरॉइड शिरेतून द्यावं लागलं, आईने वॉर्डबाहेरच्या बाकावर रात्री काढल्या. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून लागलेला नाही.

आता तो बरा आहे, औषध घेतो. पण मला अजून राग येतो. दुखणाऱ्या माणसाला आशा विकणं फार सोपं असतं. ताई, तुम्ही मेसालामाइन बंद करणार नाही असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, ते वाचून मला किती हायसं वाटलं सांगू.

सावईची_सून
मांडवीकाठ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

@मडगावचा_केमिस्ट, चष्मा लावून वाचलं. असं आहे: सोनामुखी पान, इन्युलिन, बडीशेप, आवळा, ज्येष्ठमध, सॉर्बिटॉल, पुदिन्याचा स्वाद. खाली बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'.

मडगावचा_केमिस्ट
हेच बघायचं होतं.

सोनामुखी रेचक आहे. आतड्याला आकसायला लावून मळ ढकलते, म्हणजे पेटके आणणं हा तिच्या कामाचाच भाग. परिणाम सहा ते बारा तासांत. इन्युलिन हा तंतू मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून गॅस. निरोगी माणसालाही जास्त झालं तर पोट डब्ब होतं. सॉर्बिटॉल गोडीसाठी, तेही पूर्ण शोषलं जात नाही, गॅस आणि पातळ शौच. आणि हे सगळं कोलायटिसच्या माणसाने रोज दुपारी जेवणावर घ्यायचं! संध्याकाळी पट्टा सैल करावा लागतो त्याचं निदान एक कारण त्या डब्यात असू शकतं.

'औषधी वापरासाठी नाही' हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेलं नसतं, लिहावंच लागतं. सप्लिमेंट आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत खाद्यपदार्थ म्हणून येतात. औषधाला जसा गुण सिद्ध करावा लागतो तसा यांना लागत नाही. माझ्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी बाटली दाखवून विचारतो, हे पोटाला चांगलं ना? मी म्हणतो मागची बाजू दाखवा, पुढच्या बाजूला सगळेच चांगले असतात.

हळदीच्या कॅप्सूलबद्दलही. मिऱ्याच्या अर्काने कर्क्युमिन रक्तात जास्त उतरतं, म्हणून घालतात. पण तोच अर्क इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतो. शिवाय असा जास्त शोषला जाणारा हळदीचा अर्क घेऊन यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटलीत आणि अमेरिकेत नोंदली गेलीत. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

वैद्य_सांखळी
केमिस्टभाऊ बरोबर. सोनामुखी आम्हीही देतो, पण ज्याला बद्धकोष्ठ आहे त्याला, थोडे दिवस. सुजलेल्या आतड्याला रोजची सोनामुखी हा आयुर्वेद नव्हे. आणि रस्त्यावरच्या तंबूतून भस्माच्या पुड्या घेणाऱ्यांनाही सांगतो, शिसं असलेली पुडी पोटात गेली तर शिशानेच पोटात कळा येतात. मग आजार वाढला समजून माणूस आणखी पुड्या घेतो.

काणकोणकर
आमच्या गावचे एक काका म्हणतात एप्रिल-मेमध्ये उर्राक, म्हणजे काजूची दारू घेतली की आतडी धुऊन निघतात आणि वर्षभर पोट दुखत नाही. खरं आहे का?

उंडो_पाव
काकांचं पोट दुखत नाही कारण त्यांना तोवर काही जाणवतच नाही :D

आहार_बांबोळी
काणकोणकर, नाही. दारूने आतड्याचं अस्तर चाळवतं, जुलाब वाढतात, आणि मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर यकृताला धोका. उर्राक लिमकात घातली तरी तीच गोष्ट.

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जंतूंची पाकिटं, यांचा विषय अजून कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय.

कुळागर
काढतो की. रोजचं ताक! कशाला हवीत पन्नास रुपयांची पाकिटं?

आकडेमोड
ताकाने पोट गार वाटतं, पण ताकात जंतू कुठले आणि किती ते घरोघर वेगळं. ज्याचा पुरावा आहे ते व्हीएसएल#३ नावाने आलेलं आठ जातींचं मिश्रण, तेही भल्यामोठ्या मात्रेत. लुधियानाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने आपल्याच देशात अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, १४७ रुग्ण, सौम्य ते मध्यम कोलायटिस. बारा आठवड्यांनी आजार शांत झाला ४२.९ टक्के लोकांत, खोट्या पुडीवाल्यांत १५.७ टक्के. क्रोन्समध्ये मात्र प्रोबायोटिकचा असा फायदा दिसलेला नाही. दुकानातलं कुठलंही पाकीट म्हणजे ते मिश्रण नव्हे, जात आणि मात्रा बदलली की निकाल लागू होत नाही.

तेरेखोल
मला तर प्रोबायोटिकने नुसता गॅस झाला. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी खूप दाबलेली आहे त्यांनी विचारूनच घ्यावं.

गवळण_डिचोली
ताक सुटलं म्हणजे पाठोपाठ सोलकढी येणारच, म्हणून विचारते. आमच्याकडे पोट बिघडलं की सोलकढी आणि उकड्या तांदळाची पेज. चालतं का या आजारात?

आहार_बांबोळी
पेज उत्तम. उकड्या तांदळाची मऊ पेज, वर चमचाभर तूप, मीठ. आजार उसळलेला असताना माझे कितीतरी रुग्ण तिच्यावरच तरतात. फक्त प्रथिनं पडत नाहीत, म्हणून सोबत अंडं किंवा वाफवलेला मासा द्या.

सोलकढीत आमसोल बाधत नाही, बाधतो तो ठेचलेला कच्चा लसूण आणि हिरवी मिरची. लसूण-कांद्यात फ्रुक्टॅन नावाची साखळी असते, इन्युलिन त्याच कुळातलं. हळव्या आतड्यात ती गॅस करते. दाट नारळाचा रसही काहींना जड जातो. लसूण वगळून, पातळ रसाची करून बघा.

जेवल्यावर फुगणाऱ्यांनी कांदा, लसूण, आळसांदे, चणे, गव्हाची पोई, दूध हे काही आठवडे बाजूला ठेवून एकेक परत आणून पाहायचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने ही पद्धत बसवली. सगळं कायमचं सोडायचं नाही! या आजारात आधीच वजन घटतं, त्यात घरच्यांनी निम्मं ताट काढून घेतलं तर माणूस अशक्त होतो.

तेरेखोल
किसमूर मात्र मी सोडणार नाही. कच्चा कांदा काढतो, सुकी सुंगटां अगदी थोडी, खोबरं खरवडून. माझ्या अरुंद आतड्यात खोबऱ्याचा चोथा अडकू नये म्हणून नीट चावून चावून खातो. चतुर्थीला बहीण माझ्यासाठी बिनकांद्याची वाटी वेगळी काढते.

गवळण_डिचोली
बहिणीला दंडवत.

मडगावचा_केमिस्ट
धागा जेवणावर सरकलाय, पण एक राहिलं. पेपरमिंट तेल. इरिटेबल बॉवेलच्या पेटक्यांवर त्याचा उपयोग दिसलाय, मेंथॉलने आतड्याचा स्नायू सैल पडतो. आतड्यात जाऊन विरघळणारी लेप दिलेली कॅप्सूल हवी, नाहीतर छातीत जळजळ. पुदिन हराची गोळी घेऊन तोच गुण येईल असं समजू नका. आणि हे सूज शांत असताना. सुजेवर त्याचं काही चालत नाही.

आणि ड जीवनसत्त्व. गोव्यात एवढं ऊन असून रिपोर्ट कमीच येतात. कमी असेल तर घ्यायलाच हवं, स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडं ठिसूळ होतात. पण ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा लिहून दिलेली असते आणि लोक रोज घेतात. ड जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ आणि पोटदुखी. पुडीवर तारीख लिहून ठेवा.

सावईची_सून
सगळ्यांना देव बरें करूं. मध्यंतरी बरंच काही झालं म्हणून उशिरा लिहिते.

बांबोळी ताईंनी सांगितल्याप्रमाणे फोन केला, डॉक्टरांनी कॅलप्रोटेक्टिन, हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड, बी-१२ आणि यकृताच्या चाचण्या आधीच करायला सांगितल्या. सगळ्या बाटल्या आणि डबे पिशवीत भरून घेऊन गेलो. डॉक्टरांनी एकेक हातात घेऊन वाचली.

कॅलप्रोटेक्टिन १८० आलं, म्हणजे मधलंच. ते म्हणाले सूज पूर्ण विझलेली नाही, पण सगळं दुखणं तिच्यामुळेही नाही. मेसालामाइन तोंडाने चालू आहेच, आता रात्री गुदमार्गाने द्यायचा एनिमाही जोडला. डाव्या बाजूच्या आजारात दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा चांगलं काम करतं म्हणाले. दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फार कमी, लोह शिरेतून द्यायचं ठरलं. ड ची पुडी आठवड्यातून एकदा, केमिस्टभाऊंचं ऐकून कॅलेंडरवर खूण करते.

पावडर तर तुमच्या प्रतिसादानंतर लगेच बंद केली होती. पोट फुगणं त्यानंतर बरंच उतरलं, संध्याकाळचे पेटकेही. डावीकडची कळ राहिली होती, ती एनिमा सुरू केल्यावर कमी होतेय. कोरफडीचा रस बंद. फिश ऑइल घेतलं तरी हरकत नाही पण अपेक्षा ठेवू नका म्हणाले, तर ते थांबवलं आणि तारले आणतो. हळदीच्या कॅप्सूल मिऱ्याच्या अर्काशिवायच्या, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत, आणि यकृताची चाचणी मध्ये पुन्हा, या अटीवर होकार दिला. वन्संना फार आनंद झाला.

शेजारच्या वहिनींना मी लेबल वाचून दाखवलं. त्यांच्या सासूबाई तीच पावडर घेत होत्या, त्यांचंही पोट दुखत होतं. वहिनींनी डबा बंद करून ठेवलाय.

मांडवीकाठ
किती बरं वाटलं वाचून. डॉक्टरांनी बाटल्या वाचल्या हे फार मोठं आहे. माझ्या भावाला त्याच्या आधीच्या डॉक्टरांनी 'काही घेतोस का' असं कधी विचारलंही नव्हतं, आणि तोही ओरडा बसेल म्हणून बोलला नाही.

आकडेमोड
ताई, कळ एनिमाने कमी झाली की पावडर सोडल्याने की कोरफडीचा रस थांबवल्याने, हे आता सांगता येणार नाही, कारण सगळं जवळजवळ एकाच वेळी बदललं. पुढे हळद सुरू कराल तेव्हा दुसरं काही नवीन सुरू करू नका. वहीत रोजच्या दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही ते वापरता येईल.

कुळागर
आकडेमोडभाऊ, वही मीही बायकोसाठी सुरू करतो. आणि सावईची_सून ताई, नागपंचमीला या, पातोळ्या नक्की. उंडो_पावलाही बोलावलंय.

उंडो_पाव
येतो! पोई घेऊन येतो... नको, तांदळाची भाकरी आणतो.

काणकोणकर
उर्राकचा प्रश्न मीच विचारला होता, पण आता गंभीर आहे. आईला क्रोन्स आहे, लहान आतड्याचा शेवटचा तुकडा ऑपरेशनमध्ये काढलाय. हातापायांना मुंग्या येतात म्हणून दुकानातून मल्टिव्हिटॅमिन आणलं, त्यात बी-१२ आहे असं लिहिलंय. पुरेल ना? सल्फासॅलाझिन हे सुजेवरचं औषधही चालू आहे.

आहार_बांबोळी
काणकोणकर, बी-१२ शोषलं जातं ते नेमकं त्याच शेवटच्या तुकड्यात. तो काढला असेल तर मल्टिव्हिटॅमिनमधल्या चिमूटभर मात्रेवर विसंबू नका, अनेकांना इंजेक्शन लागतं. मुंग्या येतायत म्हणजे वाट बघू नका, या आठवड्यातच बी-१२ तपासून घ्या. सल्फासॅलाझिनने फोलेटही कमी शोषलं जातं, तेही तपासायला सांगा. पण बी-१२ बघितल्याशिवाय नुसती फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करू नका, त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

तेरेखोल
माझाही आजार आतड्याच्या त्याच तुकड्यात आहे. बी-१२ चं इंजेक्शन नियमाने घेतो, आरोग्य केंद्रातली नर्स टोचते, दोन मिनिटांचं काम. आईंना सोबत न्या आणि ऑपरेशनचा कागद विसरू नका, किती आतडं काढलंय ते त्यात लिहिलेलं असतं.

काणकोणकर
कागद सापडला. उद्या सकाळच्या कदंबाच्या बसने नेतो.